प्रकृती : एका नावाचा इतिहास

वडूज हे गाव इतिहासाच्या पुस्तकात आले ते 9 सप्टेंबर 1942 च्या मोर्च्यामुळे. तहसील कचेरीसमोर गोळीबार झाला, माणसे हुतात्मा झाली आणि येरळाकाठच्या या दुष्काळी तालुक्याला स्वातंत्र्यलढ्यात जागा मिळाली. या गावात शिक्षकी करताना मी मात्र आणखी एक इतिहास वाचत आलो. तो शाळेच्या जनरल रजिस्टरात असतो. त्यात घटना नसतात, फक्त नावे असतात. पण नावे कोणी ठेवली, कोणी ठेवू दिली नाहीत आणि केव्हा बदलली, हे नीट पाहिले तर समाजाची उलथापालथ त्या रकान्यांत स्पष्ट दिसते.

आईच्या नावांत धोंडाबाई, चिंधाबाई, केराबाई, दगडाबाई. त्यांच्या मुलींच्या, नातींच्या पिढीत सुजाता, गौतमी, यशोधरा, संघमित्रा, विशाखा. मध्ये एक तारीख उभी आहे, 14 ऑक्टोबर 1956. वाचकांना ती सांगायला नको.

शूद्राचे नाव तिरस्कार वाटेल असे असावे, हा मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातला दंडक आपल्याला पाठ आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलदर्शक, वैश्याचे धनाशी जोडलेले आणि चौथ्याचे घृणास्पद. स्त्रियांसाठी वेगळा नियम : नाव उच्चारायला सोपे, मनोहर, शेवटी दीर्घ स्वर असलेले हवे. तिसऱ्या अध्यायात तर नक्षत्राचे, झाडाचे, नदीचे, पर्वताचे, पक्ष्याचे, दासीचे किंवा अंत्यजाचे नाव असलेली मुलगी बायको म्हणून करू नये, असेही सांगून टाकले आहे. गंमत अशी की रोहिणी, रेवती, गंगा, यमुना ही नावे ब्राह्मणांच्या घरांतून सुखाने नांदली. म्हणजे मनूचा जो नियम स्वतःला अडचणीचा, तो मोडला. जो दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचा, तो टिकवला.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. धोंडी आणि दगडी ही सगळी नावे मनूच्या खात्यावर टाकता येत नाहीत. जगत नसलेल्या लेकरावर मृत्यूची नजर पडू नये म्हणून ओबडधोबड नाव ठेवण्याची चाल सर्व जातींत होती. धोंडो आणि दगडू उच्चवर्णीयांतही सापडतात. फरक असा की, तिकडे धोंडोचा धोंडोपंत होई, इकडे धोंडीची धोंडे होई. नावामागे माणसाला जोडला जाणारा मान हा खरा प्रश्न होता.

आणि अस्पृश्यांत शुद्ध नावे नव्हतीच असेही नाही. चौदाव्या शतकातल्या चोखोबांच्या बहिणीचे नाव निर्मळा. जिच्या सावलीचाही विटाळ मानला गेला ती निर्मळा. 1855 साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी फुले दांपत्याच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता.

1956 नंतरच्या नावांकडे आता जरा टीकेच्या नजरेने पाहू. सुजाता हे त्यांतले सर्वांत लोकप्रिय नाव. उरुवेलेला गौतमाला खीर देणारी ती सुजाता. नावाचा अर्थ ‘चांगल्या कुळात जन्मलेली’. ज्यांना हजारो वर्षे जन्मानेच हीन ठरवले त्यांनी मुलीला सुजाता म्हणावे, यात मोठा विद्रोह आहे. बिमल रॉय यांनी 1959 च्या चित्रपटात ब्राह्मण घरी वाढलेल्या अस्पृश्य मुलीला हेच नाव दिले. परंतु हा विद्रोह एक गोष्ट न कळत मान्य करतो : चांगले कूळ हे भूषण आहे. इतर नावेही पाहा. महामाया राणी, यशोधरा राजवधू, संघमित्रा सम्राटाची कन्या, विशाखा श्रेष्ठीची मुलगी. बुद्धाच्या परंपरेतून आपण जी नावे उचलली ती बहुतेक राजवाड्यांतून आणि हवेल्यांतून. पाणवठ्यावरची एक मुलगी तिथेच राहिली. तिचे नाव प्रकृती.

‘दिव्यावदान’ या बौद्ध संस्कृत ग्रंथातील शार्दूलकर्णावदानात तिची कथा येते. तिसऱ्या शतकात ही कथा चिनी भाषेत गेली होती, इतकी ती जुनी आहे. श्रावस्तीत आनंद भिक्षा आटोपून विहिरीशी येतो आणि पाणी मागतो. पाणी भरणारी मुलगी सांगते, मी मातंगाची लेक आहे. आनंद म्हणतो की त्याने जात-कूळ विचारलेले नाही, पाणी मागितले आहे. पुढे तिचे मन त्याच्यावर जडते, आई मंत्रप्रयोग करते, बुद्ध आनंदाला सोडवतात आणि अखेर प्रकृती भिक्षुणी होते. राजा प्रसेनजित आणि श्रावस्तीचे ब्राह्मण-गृहपती अस्वस्थ होतात : मातंगाची मुलगी आता भिक्षेसाठी थोरांच्या दारी येणार! तेव्हा बुद्ध त्रिशंकू या मातंगराजाची कथा सांगतात. त्रिशंकू आपल्या मुलासाठी पुष्करसारी या ब्राह्मणाची मुलगी मागतो आणि जन्माने कोणी श्रेष्ठ होत नाही हे युक्तिवादाने पटवून देतो. तो त्रिशंकू पूर्वजन्मीचा बुद्ध आणि ती ब्राह्मणकन्या म्हणजे प्रकृतीच. पूर्वजन्मी तिला ब्राह्मणाची मुलगी करण्याची गरज अवदानकाराला का भासली, हे मला खटकते. परंतु त्याच लेखणीने बुद्धाला मातंग केले आहे, हेही विसरता येत नाही. बाबासाहेबांनी 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात प्रकृतीला महाप्रजापती आणि यशोधरेच्या जोडीला बसवले आणि पूर्वजन्माचा भाग गाळून टाकला. रवींद्रनाथांनी 1933 साली तिच्यावर ‘चंडालिका’ हे नाटक लिहिले. त्यात तिचे आणि आईचे अंतःकरण आहे. त्रिशंकूचा वाद मात्र नाही.

आता शब्द पाहू. ‘प्र’ हा उपसर्ग, ‘कृ’ हा धातू आणि ‘ति’ हा प्रत्यय. जे घडवण्याच्या आधी असते, मूळचे असते, ती प्रकृती. सांख्यांनी सगळे जग तिच्यातून काढले. कौटिल्याने राज्याच्या सात अंगांना प्रकृती म्हटले आणि संस्कृतात प्रजेलाही हाच शब्द आहे. व्याकरणात ज्याला प्रत्यय लागतो ते मूळ रूप म्हणजे प्रकृती. प्राकृत हा शब्दही याच घरचा. हेमचंद्राने प्राकृताची प्रकृती संस्कृत ठरवली. त्याच्या आधी अकराव्या शतकात नमिसाधूने मात्र लोकांचे व्याकरणाने न घासलेले सहज बोलणे ते प्राकृत, असे सांगितले होते. मला नमिसाधू पटतो. संस्कृत नाटकांत शकुंतलेचे नाव संस्कृत, पण तिच्या तोंडी भाषा प्राकृत. अवदानात उलट आहे : नाव प्रकृती, आणि मातंगाची ही लेक बोलते संस्कृतात.

सुजातेला कुळाचा आधार लागतो. प्रकृतीला लागत नाही; कूळ, वर्ण, संस्कार हे सारे नंतर चढवलेले, असेच तिचे नाव सांगते. मग हे नाव रुजले का नाही? एक कारण साधे आहे. मराठीत प्रकृती म्हणजे तब्येत. ‘प्रकृती कशी आहे?’ असे रोज विचारले जाणारे नाव कोण ठेवील? माझ्या एवढ्या नोकरीत हे नाव एकदाच पुढे आले. एका कारकुनाने ते सरळ ‘प्रगती’ असे लिहून टाकले. बाप शेतमजूर होता. तो म्हणाला, “गुरुजी, प्रगती न्हवं, प्रकृती. बाबासाहेबांच्या पुस्तकातली.” खाडाखोड करून नाव दुरुस्त केले.

दुसरे कारण अधिक बोचरे आहे. ज्यांच्या घरी ते पुस्तक होते ते मुख्यतः पूर्वाश्रमीचे महार. त्यांनी राजकन्यांची नावे घेतली. ज्यांच्या जातीचे नाव प्रकृतीच्या कुळाशी जुळते त्या मातंग वस्तीत ते पुस्तक फारसे पोचलेच नाही. अण्णाभाऊ साठ्यांचे वाटेगाव याच पट्ट्यातले, तरीही. आजचे मातंग त्या प्राचीन मातंगांचे वंशज आहेत असा दावा मी करत नाही. तशा वंशावळींत मला रस नाही. पण दोन वस्त्यांमध्ये जे अंतर राहिले, ते नावांच्या रकान्यातही राहिले.

नावाचा प्रश्न जुना झाला असे कोणाला वाटत असेल तर त्याने 22 ऑक्टोबर 2011 आठवावा. त्या दिवशी सातारा येथे ‘नकुसा’ म्हणजे नको असलेली, असे नाव असलेल्या 285 मुलींचे सरकारी समारंभात नव्याने नामकरण झाले. त्या सगळ्या दलितांच्या नव्हत्या. मुलगी नको म्हणणाऱ्या घरांत जातीचा भेद नसतो. नवी नावे मुलींनी स्वतः निवडली. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी सावित्री, कोणी वैशाली. ज्या वैशालीला महाप्रजापती अनवाणी चालत गेली आणि स्त्रियांसाठी संघाचे दार उघडून घेतले, त्या नगरीचे हे नाव आहे, हे त्या मुलीला कोणी सांगितले होते की नाही कोणास ठाऊक.