पारी कुपार लिंगो

पारी कुपार लिंगो : गोंड (कोयतूर) समाजाचा आदिगुरू, कोया पुनेम या धर्मपरंपरेचा प्रवर्तक व गोत्रव्यवस्थेचा संस्थापक. त्याच्या कथेशी निगडित प्रमुख तीर्थ म्हणजे गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगडची नैसर्गिक गुहा. ती दरेकसा रेल्वेस्थानकापासून जवळ, धनेगावच्या डोंगरात आहे.

कथा : काली कंकाली या मातेच्या ३३ मुलांना शंभूने गुहेत कोंडून तोंडाशी शिळा लावली. लिंगोने देवी जंगो रायताड व वादक हिरासुका पाटाडी यांच्या साथीने त्यांना सोडवले. घरंगळत्या शिळेखाली हिरासुकाचा अंत झाला. मुक्त झालेल्यांना लिंगोने शिकवले आणि सगे (कुळगट) व गोत्रे नेमून दिली. चार, पाच, सहा व सात देवांचे सगे त्यातूनच आले, अशी श्रद्धा आहे. एका सग्यातील मुलगा-मुलगी भाऊबहीण ठरतात. त्यांचे लग्न होत नाही.

पाठपरंपरा : ही कथा प्रधान (परधान) जमातीच्या गायकांनी किंगरी या तंतुवाद्याच्या साथीने तोंडी जपली. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप (मृत्यू १८६३) यांनी मिळवलेला गोंडी पाठ रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये इंग्रजी भाषांतरासह छापला. त्यात गोंडांना महादेव कोंडतो. पुढे गोंडच लिंगोला ठार मारतात आणि तो पुन्हा जिवंत होतो. मोतीरावण कांगाली (मृत्यू २०१५) यांनी मात्र कथेची मांडणी गोंडी धर्मदर्शन म्हणून केली.

तुलना : लिंगो हा जसा सोडवणारा व शिकवणारा पूर्वज आहे, तसे इजिप्तमध्ये १९४५ साली नाग हम्मादी येथे सापडलेल्या नॉस्टिक (गूढज्ञानवादी) ग्रंथांतही बायबलमधील पूर्वज नव्या भूमिकेत येतात. आदम आपला मुलगा शेथ याला गुप्त ज्ञान सांगतो. ‘योहानाचे गुप्त पुस्तक’ या ग्रंथात नोहा तारवात नव्हे, तेजोमय मेघात आश्रय घेतो. तेथेही जगावर सत्ता गाजवणारी शक्ती माणसांना बंधनात ठेवते आणि ज्ञान त्यांना सोडवते. मात्र शेथचे वंशज म्हणवणाऱ्यांचे नाते आत्मिक होते, तर लिंगोने नेमलेले नाते कुळाचे आहे. दोन्ही परंपरांचा परस्परसंबंध नाही; साम्य केवळ कथेच्या घडणीचे आहे.

सद्यःस्थिती : १९८०च्या दशकापासून माघ पौर्णिमेला कचारगडावर मोठी यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड व तेलंगणातून गोंड कुटुंबे येतात. शेथचे वंशज म्हणवणारे नॉस्टिक पंथ लोपले, त्यांचे पूर्वज ग्रंथांत उरले. लिंगोचा शब्द मात्र आजही सोयरीक जुळवताना पाळला जातो. म्हणून या कथेचा अभ्यास छापील पाठांइतकाच सगा-गोत्रांच्या चालू व्यवहारातूनही व्हायला हवा.