टोरोंटोतला श्वास

फुफ्फुस-प्रत्यारोपणाचा खरा इतिहास आपल्याच डाउनटाउनमधल्या टोरोंटो जनरल हॉस्पिटलात घडला, हे वर्षानुवर्षे इथे राहूनही आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते.

पहिला प्रयत्न मात्र अमेरिकेतला. ११ जून १९६३ रोजी मिसिसिपीतल्या जॅक्सन येथे डॉ. जेम्स हार्डी यांनी खुनाची शिक्षा भोगणाऱ्या एका कैद्याला दुसऱ्याचे फुफ्फुस बसवले. तो १८ दिवस जगला. (कैद्याची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न मनात येतोच.) पुढची वीस वर्षे जगभर प्रयत्न झाले, पण बहुतेक रुग्ण थोड्याच दिवसांत दगावले. श्वासनलिकेचा सांधाच जुळून येत नसे.

टोरोंटोत डॉ. जोएल कूपर आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून दिली जाणारी स्टेरॉइड्सच जखम भरू देत नाहीत, असे त्यांना दिसले! मग सायक्लोस्पोरिन हे नवे औषध आले, आणि सांध्याभोवती पोटातला चरबीचा पडदा गुंडाळला गेला. नोव्हेंबर १९८३ मधला त्यांचा रुग्ण सहा वर्षांहून अधिक जगला.

पुढे डॉ. शफ केशवजींच्या चमूने फुफ्फुस शरीराबाहेर उबदार ठेवून तासन्‌तास तपासण्याची पद्धत रुजवली. २०११ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एरवी टाकून दिली असती अशी काही फुफ्फुसे त्यामुळे वापरता आली.

पण फुफ्फुस मुळात कोणीतरी द्यावे लागते. भारतात मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा १९९४ मध्ये झाला, तो महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेशच्या विधिमंडळांच्या ठरावांवरून. इथे आपण नोंदणी केलेली असली, तरी त्या वेळी डॉक्टर बोलतात ते घरच्यांशीच. आणि आपले निम्मे घर तेव्हा पुण्या-मुंबईहून फोनवर असते.