बटाटेवड्याचा प्रवास : कसाऱ्यापासून हावड्यापर्यंत

गणेशोत्सवातल्या आनंदमेळाव्यात आपल्या मंडळाच्या स्टॉलवर सर्वांत आधी संपणारा पदार्थ कोणता, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. बटाटेवडा! आणि दरवर्षी त्या स्टॉलसमोर एक वाक्य हमखास ऐकू येते, "छान झालाय हो, पण तिकडची चव नाही." तिकडची म्हणजे मुंबई-पुण्याची. बिलासपुरात दोन-दोन, तीन-तीन पिढ्या काढलेली मंडळीसुद्धा असे बोलतात आणि शेजारी उभी असलेली आपली मुले ते ऐकतात. खरे ते तिकडे आणि आपल्या घरी होते ती नक्कल, असा समज मुलांच्या मनात नकळत पक्का होत जातो. हा समज इतिहासाला धरून आहे का, एवढे तपासणे हा या लेखाचा हेतू.

वडा जुना, बटाटा नवा

वडा हा आपला जुना पदार्थ आहे यात शंका नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात पाकशास्त्राचा मोठा भाग आहे. ग्रंथाचा काळ इ. स. ११३० च्या सुमाराचा. त्यात डाळी वाटून केलेल्या वटकांचा, म्हणजे वड्यांचा उल्लेख सापडतो. डाळ भिजवायची, वाटायची आणि तळायची ही रीत आपल्याकडे निदान नऊशे वर्षांची आहे.

पण त्या वड्यात बटाटा नव्हता आणि मिरचीही नव्हती. तिखटपणासाठी मिरी, पिंपळी आणि आले होते. बटाटा, मिरची, टोमॅटो ही सगळी अमेरिका खंडातली पिके. १४९२ नंतर ती युरोपात गेली आणि पुढे जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. मिरची आपल्याकडे लवकर रुजली. तिचे नावसुद्धा आपण जुन्या मिरीवरून पाडले. बटाट्याला मात्र वेळ लागला. तो घराघरांत पोचला तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी अमलात त्याची लागवड वाढल्यावर.

नावांतही हा प्रवास दिसतो. आपला 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांचा. इथे छत्तीसगडात आणि सगळ्या उत्तरेत त्याला 'आलू' म्हणतात. तो शब्द संस्कृतातला, पूर्वी इतर कंदांसाठी वापरला जाणारा. किनाऱ्यावरच्या लोकांनी पाहुण्याला त्याच्याच नावाने हाक मारली, तर आतल्या मुलखाने त्याला घरातले जुने नाव दिले. टोमॅटोला छत्तीसगडीत 'पताल' म्हणतात, तर बंगालीत त्याचे जुने नाव 'बिलाती बेगुन', म्हणजे विलायती वांगे.

आपल्या उपवासाच्या साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि हिरवी मिरची असते. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका आणि बाकीची तिन्ही, हे सर्व मूळचे अमेरिकेतले! तरी चतुर्थीच्या दिवशी कोणालाही ते परके वाटत नाही. एखादी गोष्ट आपली व्हायला ती इथे उगवलेली असावी लागत नाही. ती आपल्या हातांनी पुन्हा पुन्हा केलेली असावी लागते.

आपल्या भागाचेच उदाहरण घ्या. रतनपूर इथून जेमतेम पंचवीस किलोमीटर. नागपूरकर भोसल्यांचे सैन्य १७४१ मध्ये भास्करपंतांबरोबर छत्तीसगडात आले आणि पुढे बिंबाजी भोसल्यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपुरात राहून कारभार केला. रामटेकरीचे देऊळ ही त्यांचीच आठवण. त्या काळात या मुलखात बटाटा घरोघरी पोचलेला नव्हता. म्हणजे हिशेब असा, की छत्तीसगडात मराठी माणूस आधी आला आणि बटाटेवडा मागाहून.

रुळांबरोबर वडा

माझी नोकरी रुळांची, त्यामुळे पुढचा इतिहास मला रुळांवरूनच वाचायला सोपा जातो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली. १८६५ मध्ये थळ घाट ओलांडून गाडी इगतपुरीला पोचली. या घाटाची चढण १ : ३७, म्हणजे दर ३७ मीटरला एक मीटर चढ. रेल्वेच्या हिशेबात ही फार मोठी चढण. गाडी वर ढकलण्यासाठी कसाऱ्याला मागून जादा इंजिने जोडावी लागत. त्यांना आम्ही 'बँकर' म्हणतो. पुण्याच्या वाटेवर बोर घाटासाठी हेच काम कर्जतला होई. इंजिने जोडायला काही मिनिटे लागणार, गाडी उभी राहणार आणि प्रवासी भुकेलेले असणार. कर्जतचा आणि कसारा-इगतपुरीचा वडा प्रसिद्ध होण्यात या चढणीचा वाटा मोठा आहे.

असले खाणे जन्माला येते ते माणसाला थांबावे लागते किंवा जेवायला घरी जाता येत नाही तिथे. फलाट, गिरणीचे दार, कचेरीचा नाका, कॉलेजचे फाटक, सगळीकडे तेच.

बेंगॉल नागपूर रेल्वेची स्थापना १८८७ ची. १८९१ मध्ये तिची गाडी नागपूरहून बिलासपूरमार्गे आसनसोलपर्यंत जाऊ लागली आणि १९०० मध्ये खरगपूरवरून हावड्याचा मार्ग जोडला गेला. मुंबई-हावडा हा आपला मार्ग जवळजवळ १,९७० किलोमीटरचा. त्यावर बटाट्याचा मसालेदार गोळा बेसनात बुडवून तळलेला जवळपास सगळीकडे मिळतो, पण नाव बदलत जाते. घाटात तो बटाटेवडा. नागपुरात आलूबोंडा, आणि सोबत हरभऱ्याची झणझणीत तर्री. रायपूर-बिलासपूरला तोच आलूगुंडा, सोबत पतालची चटणी. झारसुगुडा-राउरकेल्याला आलू चॉप. खरगपूरच्या पुढे आलूर चॉप, तो मुरमुऱ्यांबरोबर खायचा. तिथल्या सारणात भाजलेल्या जिऱ्याचा मसाला असतो, कुठे शेंगदाणे आणि खोबऱ्याचे तुकडेही. लसूण घाटाकडे अधिक, आणि पूर्वेकडे जाल तसा चटणीचा रंग बदलतो.

यातला अस्सल कोणता आणि नक्कल कोणती? रेल्वेत किलोमीटरचा दगड शून्यापासून मोजतात, पण चवीचा शून्य दगड कुठल्या स्टेशनात रोवलेला नाही.

पाव आणि गिरणगाव

वडापाव हा त्याहून अलीकडचा. पाव हा शब्दही पोर्तुगीजच. गोव्यात पाव भाजणाऱ्याला 'पदेर' म्हणतात. मुंबईत गोवेकरांच्या आणि इराण्यांच्या भट्ट्यांनी पाव सर्वांपर्यंत नेला. मुंबईत कापड गिरण्या सुरू झाल्या १८५० च्या दशकात. कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो कामगार दहा-दहा, पंधरा-पंधरा जण एका खोलीत राहत. घरची माणसे गावी, स्वयंपाकघर नाही, पाळी संपल्यावर भूक मात्र वेळेवर लागे. त्यांची सोय गिरणगावातल्या खाणावळींनी आणि नाक्यावरच्या गाड्यांनी केली. १९६६ च्या सुमाराला दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. एका हातात धरून चालता चालता खाता येणारे आणि खिशाला परवडणारे जेवण तयार झाले.

या खाण्यामागचे कष्ट विसरू नयेत. खाणावळी चालवणाऱ्या बहुतेक बायका स्वतःच्या चुलीवर वीस-वीस माणसांचे जेवण रांधत आणि किराणा भरायला सावकाराकडून कर्ज काढत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते या बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुष्कळांना पुन्हा काम मिळालेच नाही. त्यांतल्या कितीतरी घरांनी नाक्यावर वडापावची गाडी लावून दिवस काढले. आज जी चव आपण 'तिकडची' म्हणून आठवतो, ती गाव सोडून आलेल्या आणि पुढे कामही गमावलेल्या माणसांनी घडवलेली आहे.

२०२० च्या मार्चअखेर प्रवासी गाड्या बंद झाल्या तेव्हा आपल्या कॉलनीत घरोघरी पाणीपुरीच्या पुऱ्या लाटल्या गेल्या, भेळ झाली, पाव भाजले गेले. मुलांना मजा आली. त्याच दिवसांत फलाटावरचा आणि नाक्यावरचा विक्रेता घरी रिकामा बसला होता. रस्त्यावरचे खाणे घरात येणे आणि रस्त्यावर ते विकणाऱ्याची चूल थंड पडणे, या दोन्ही गोष्टी तेव्हा एकदमच घडल्या.

घरातला वडा

घरी वडा करणेही सोपे झाले ते हळूहळू. स्टोव्हच्या जागी गॅस आला आणि तेलाची आच हातात आली. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' प्रसिद्ध झाले. वाटी-चमच्याच्या मापात पाककृती सांगणारे ते पुस्तक लग्न होऊन परमुलखात गेलेल्या अनेक मुलींच्या ट्रंकेतून गावोगावी पोचले. आई जवळ नसली तरी माप जवळ होते.

आपल्या स्टॉलवरचे माप यंदा नव्या मंडळींसाठी लिहून ठेवतो. एक किलो जुना बटाटा घ्यावा. नवा बटाटा चिकट होतो. उकडून, सोलून वाफ जाऊ द्यावी आणि हातानेच कुस्करावा. मिक्सरमध्ये घातला तर त्याची खळ होते. आले, लसूण, हिरवी मिरची वाटून, मोहरी-हळद-कढीपत्त्याची फोडणी, मीठ, कोथिंबीर आणि लिंबू. यात साठ ग्रॅमचे पंधरा-सोळा गोळे बसतात. पाव किलो बेसन पळीला चिकटून राहील इतपत घट्ट भिजवावे आणि त्यात दोन चमचे कडकडीत तेलाचे मोहन घालावे. तेलात पिठाचा थेंब टाकताच तो वर आला की आच बरोबर. गोळ्यावर कुठेही पीठ पातळ राहिले तर आतल्या ओलाव्याची वाफ तिथूनच बाहेर पडते आणि वडा फुटतो. बाष्पकाचा आणि वड्याचा नियम एकच, कमकुवत जागा आधी जाते.

मोठा वाद चटणीचा. सुके खोबरे, लसूण आणि लाल तिखटाची चटणी हवी, असे जुने लोक म्हणतात. मुलांना भाजलेल्या पतालची चटणी आवडते. माझ्या मते दोन्ही ठेवाव्यात. नागपूरकरांनी तर्री जोडली, खरगपूरकरांनी मुरमुरे जोडले, तशी आपली पतालची चटणी. त्याने वड्याचे मराठीपण कमी होत नाही. वडा ज्या गावात थांबला तिथले काहीतरी त्याने घेतले, आणि आपणही तेच केले आहे.

एक सूचना मात्र आग्रहाने करतो. स्टॉल केटररला देऊन टाकावा, असा विचार अधूनमधून पुढे येतो. दरवर्षी त्याच सात-आठ भगिनी पहाटेपासून राबतात, म्हणून तो विचार येतो, आणि त्यांचे दमणे खोटे नाही. पण त्यावर उपाय हात वाढवणे हा आहे. बटाटे सोलणे, गोळे वळणे, कढईपाशी उभे राहणे ही कामे पुरुषांनी आणि मुलांनी वाटून घ्यावीत. गाडीवर वडे तळणारे बहुतेक पुरुषच असतात, तेव्हा हे काम आपल्याला जमत नाही असे म्हणायची सोय नाही. स्वतःच्या हाताने शंभर गोळे वळलेला मुलगा पुढे कुठल्याही गावी गेला तरी "तिकडची चव नाही" असे म्हणणार नाही. त्याच्यासाठी 'तिकडची' चव म्हणजे बिलासपूरची, या मांडवातली असेल.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी सात वाजता मांडवामागे बटाटे उकडायला ठेवले जातील. सोलणी घरून आणावी.

गणपती बाप्पा मोरया!