इग्निशन स्विचची वायरिंग (लँड रोव्हर, सिरीज गाड्या)

बॅटरीचा प्रवाह किल्लीच्या स्विचमधून इग्निशन कॉइल, स्टार्टर, गेज आणि इतर उपकरणांकडे नेणारी तारांची जोडणी. इंग्लंडच्या रोव्हर कंपनीने 1948 मध्ये अॅमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात लँड रोव्हर मांडली. तिच्या सिरीज 1 (1948–58), 2 (1958–61), 2ए (1961–71) आणि 3 (1971–85) या पिढ्यांतील विजेचे सामान मुख्यतः बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीचे होते. या गाड्यांत संगणक नाही, इलेक्ट्रॉनिक सेन्सरही नाहीत. म्हणून एक टेस्ट लॅम्प आणि साधा मल्टिमीटर हाताशी असला की सगळी जोडणी तपासता येते. त्याआधी तारांचे रंग मात्र वाचता आले पाहिजेत.

लुकासच्या पद्धतीत तपकिरी तार म्हणजे बॅटरीचा थेट प्रवाह. चावी बंद असली तरी ती जिवंत असते. पांढऱ्या तारेत चावी चालू केल्यावरच प्रवाह येतो. हाच पांढऱ्या तारेतला प्रवाह फ्यूजमधून पुढे गेला की तार हिरवी होते. सतत जिवंत पण फ्यूजमागची तार जांभळी, आणि अर्थची काळी. मूळ रंगावर दुसऱ्या रंगाची रेघ असेल, तर ती रेघ त्या फांदीचे पुढचे काम सांगते: पांढरी-लाल तार स्टार्टरच्या सोलेनॉइडकडे जाते, पांढरी-काळी कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटकडे.

सिरीज 3च्या पेट्रोल गाडीत प्रवाहाची वाट अशी आहे. बॅटरीची जाड केबल सोलेनॉइडवर येते. सेल्फचा शेकडो अँपिअरचा प्रवाह तिथूनच परस्पर स्टार्टरकडे जातो, चावीपर्यंत येतच नाही. सोलेनॉइडच्या त्याच खांबावरून तपकिरी तार निघते आणि अल्टरनेटर, दिव्यांचा स्विच व इग्निशन स्विच यांना जोडली जाते. चावी फिरवली की स्विच तपकिरी तार पांढरीला जोडतो. आणखी पुढे, सेल्फच्या स्थितीत, तो पांढऱ्या-लाल तारेतही प्रवाह सोडतो. चावी सोडल्यावर स्प्रिंगमुळे ही शेवटची जोडणी तुटते, पांढरी चालूच राहते. सेल्फ मारताना इंजिन पेट घेते पण चावी सोडताच बंद पडते, असा दोष असेल तर संशय प्रथम स्विचच्या आतल्या झिजलेल्या संपर्कावर घ्यावा.

पांढऱ्या तारेच्या तीन मुख्य फांद्या आहेत. पहिली कॉइलकडे जाते. दुसरी फ्यूजबॉक्सकडे जाते. तिथून हिरव्या तारांनी वायपर, इंडिकेटर, ब्रेकचे दिवे आणि व्होल्टेज स्टॅबिलायझर चालतात. हा स्टॅबिलायझर इंधन व तापमानाच्या गेजना सुमारे 10 व्होल्ट पुरवतो, म्हणून दोन्ही गेज एकाच वेळी चुकीचे दाखवू लागले तर टाकीत हात घालण्याआधी तो पाहावा. तिसरी फांदी डॅशबोर्डवरच्या इशारा देणाऱ्या दिव्यांची. यातला चार्जिंगचा दिवा केवळ इशाऱ्यापुरता नाही. अल्टरनेटर सुरू होताना त्याच्या रोटरला चुंबकत्व देणारा पहिला प्रवाह याच बल्बमधून जातो; बल्ब उडाला तर चांगला अल्टरनेटरही चार्ज करायला लागत नाही. किरकोळ बल्बसाठी अल्टरनेटर बदलला जातो तो इथे.

या जोडणीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट नकाशा पाहूनही सहज नजरेतून सुटते: तपकिरी तारेला फ्यूज नाही आणि कॉइलकडे जाणाऱ्या पांढऱ्या तारेलाही नाही. डॅशबोर्डमागे यातली एखादी तार पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर उडायला फ्यूजच नसतो; तार तापते आणि शेजारच्या तारांची आवरणेही वितळवते. स्विचला हात लावण्यापूर्वी बॅटरीची अर्थ केबल काढणे म्हणूनच अनिवार्य आहे. इंजिन बंद ठेवून चावी चालू सोडणेही धोक्याचे. साध्या 12 व्होल्ट कॉइलचा रोध 3 ओहमच्या आसपास असतो. त्या वेळी पॉइंट मिटलेले असले तर कॉइलमधून सतत सुमारे 4 अँपिअर वाहतात, कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

जुन्या स्विचचा नेहमीचा आजार तार तुटण्यापेक्षा व्होल्टेज वाटेत गळण्याचा असतो. तपासताना चावी चालू व पॉइंट मिटलेले ठेवावेत. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खांबावर आणि दुसरे कॉइलच्या पांढऱ्या तारेवर ठेवावे. अर्ध्या व्होल्टच्या आतला आकडा चालतो. एक व्होल्ट किंवा जास्त दिसला तर दुसरे टोक मागे मागे आणावे: स्विचची पांढरी बाजू, मग तपकिरी, मग सोलेनॉइडचा खांब. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम घटतो, तिथेच गळती. बहुधा ती हिरवट गंज चढलेल्या लगमध्ये किंवा काळवंडलेल्या संपर्कात सापडते. गरम इंजिनावर सेल्फ नुसती 'टक्' करून थांबते, तेही पुष्कळदा पांढऱ्या-लाल वाटेवरच्या अशाच गळतीने. तिथे रिले बसवला की स्विचवरचा भार हलका होतो: स्विचची तार 86वर, अर्थ 85वर, बॅटरीचा फ्यूज लावलेला प्रवाह 30वर आणि सोलेनॉइड 87वर.

सिरीज 3 मध्ये स्विच स्टिअरिंगच्या दांड्यावर लॉकसह आला. त्याआधीच्या अनेक गाड्यांत दिव्यांचा खटका व किल्ली एकाच स्विचात असून सेल्फचे बटण वेगळे होते, आणि चार्जिंगला डायनामो व कटआउट. शिवाय सिरीज 2एच्या उत्तरार्धापर्यंत बॅटरीचा धन खांब अर्थ केलेला असे. अशा गाडीत ऋण अर्थसाठी बनवलेले इलेक्ट्रॉनिक इग्निशन जोडले तर ते क्षणात जळते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील विलीज जीपची जोडणी याहूनही साधी होती: 6 व्होल्टची बॅटरी, इग्निशनपुरता डॅशवरचा स्विच, आणि सेल्फसाठी पायाने दाबायचा खटका. याच विलीज घराण्याच्या जीप 1940च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत महिंद्र कंपनी जोडू लागली. त्यांपैकी अनेक पेट्रोल गाड्यांना पुढे डिझेल इंजिने बसवली गेली. डिझेलला कॉइल लागत नाही. चावी हीटर प्लग आणि सेल्फ चालवते, आणि जुन्या इंजिनांत बंद करण्यासाठी पंपाचे इंधन तोडणारी नॉब ओढावी लागते. अशी बदललेली जीप तपासताना कॉइलची जुनी तार आधी शोधावी. तिचे उघडे टोक बहुधा बॉनेटखाली लोंबत असते आणि चावी फिरताच जिवंत होते. ती तार स्विचपासूनच काढून टाकावी.