विलायती सायकलीचं गोत्र

वाशीम, कारंजा, रिसोडकडच्या एखाद्या जुन्या घरात काळी, सळईच्या ब्रेकची सायकल अजून भिंतीला टेकून असते. आजोबांची विलायती, एवढंच घरच्यांना ठाऊक. पुढची पाटी गेलेली, चाकं दोन कंपन्यांची, सीट लुधियानाची. बघणारे तिला भेसळ म्हणतात आणि ती किलोवर भंगारात जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

कारण अनोळखी नावाची इंग्रजी सायकल बहुधा जन्मतःच अशी जुळवलेली असे. बर्मिंगहॅमची बी.एस.ए. मूळची बंदुकांची कंपनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती सायकलीचे सुटे भाग करून विकू लागली. इंग्लंडातले गावोगावचे दुकानदार असे भाग जोडून वर आपल्या नावाची पाटी ठोकत. त्या नावाचा कारखाना शोधायला गेलं तर सापडणार कुठून?

या जुळवाजुळवीचा दुसरा थर इथे, भारतात चढला. मद्रासची टी.आय. सायकल्स (१९४९), सोनिपतची अ‍ॅटलस (१९५१), लुधियानाची हिरो (१९५६) यांच्या काळ्या सायकली इंग्रजी मापांवरच निघाल्या. २८ बाय दीडचा टायर तोच. म्हणून विलायती चिमट्यात देशी चाक बसतं, आणि आपल्या मिस्त्रींनी ते बसवून या सायकली चालत्या ठेवल्या.

मग ओळखायचं कशावरून? पायडलच्या दातेरी चकतीत बगळ्यांची डोकी असली तर रॅले, पाच माणसं असली तर हंबर, हाताचा पंजा असला तर रज. पण पायडलच्या दांड्याची खीळ, म्हणजे कॉटर, ठोकून काढला की चकती बदलता येते. मागच्या चाकातल्या स्टर्मी-आर्चर गिअर-हबवर साल कोरलेलं असतं, तेही त्या हबचंच वय. शिवाय रॅलेने १९३२ मध्ये हंबर आणि १९४३ मध्ये रज घेतली. नंतरच्या तिन्ही रॅलेच्या गावच्या, म्हणजे नॉटिंगहॅमच्याच.

माझा भरवसा सांगाड्यावर. पायडलचा एक्सल जिथे फिरतो तिथला कप काढा, छर्रे पुसा, आटे मोजा. इंचाला २६ निघाले तर नॉटिंगहॅमचं घराणं. बाकीच्या बहुतेकांचे २४. चोवीस निघाले, तर हँडलखालच्या नळीवर पाटीच्या रिव्हेटची भोकं शोधा. आडवी की उभी, त्यांच्यात अंतर किती, हे जुन्या पाट्यांशी ताडून पाहता येतं. म्हणून सायकल रंगवायला देण्याआधी ती भोकं मोजून घ्या; रंगारी आधी तीच बुजवतो.