गोरी राणी, काळे कोपर

घोंगडी आणली नाहीत ना? मग भोगा. दिवाळीनंतरची झाडीपट्टीतली रात्र आहे आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातली थंडी थेट हाडात शिरते. तणशीवर टेका, मागच्या आजीला दिसू द्या. दिवसा इथे मंडईची जत्रा होती. भज्यांच्या तेलाचा वास अजून रेंगाळतोय, त्यात मोहाची दारू, बिड्यांचा धूर आणि पलीकडे सोडलेल्या बंड्यांच्या बैलांचं शेण. मालगुजारांचा काळ आहे, वीज या गावात पोचायची आहे. टेंभ्यांची काजळी नाकात जाईल. शिंका दाबा, दंडार, म्हणजे इथला लोकनाट्याचा खेळ, उभी राहतेय.

ढोलकी आधी पोटात वाजते, मग कानात. झांजा सुरू झाल्या की शेजाऱ्याशी बोलणं विसरा.

पडद्यामागे डोकवायचंय? पडदा म्हणजे एक धोतर. फुटक्या आरशापुढे उकिडवा बसलाय तो गडी सकाळी मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, बांधीत धान कापत होता. बोटावर विळ्याची ताजी चीर आहे. आता तो राणी होतोय, कारण बायका इथे नाचायला उतरत नाहीत. मिशी गेली, उसनं लुगडं आलं. तोंडाला तेल, वर मुर्दाडशिंगाचा लेप, गालांवर हिंगूळ. रंग हनुवटीशीच संपतो. वर राणी, खाली मजूर, आणि कोपर उन्हानं रापलेले, काळेभोर.

अख्खं गाव सावळं, तरी राणी गोरीच हवी! हा हट्ट कुणाचा, हे तणशीवर बसलेल्यांपैकी कुणीच विचारत नाही. मला मात्र तो लेप खुपतो. पार न्यूयॉर्कची एड्रियन पायपर आठवते: या कृष्णवर्णीय कलावतीनं १९७३ साली विग आणि मिशा लावून, पुरुष होऊन रस्त्यावर हिंडायला सुरुवात केली. लोक आपल्या कातडीत काय पाहतात, हे तिला तपासायचं होतं. आपल्या गड्याला तपासायची गरज नाही. त्याला ते जन्मापासून ठाऊक आहे.

पुढे सरका, सोंगाड्या आला. पहिल्या रांगेत बाजेवर मालगुजार बसलेत, त्यांच्याकडे एक डोळा ठेवा.

“काऊन वो रानी, तोंड गोरं न् हात कारे?”

“मंग धान का राजा कापते गा?”

हशा असा फुटतो की टेंभा हलतो. मालगुजारही हसतात, पण क्षणभर उशिरा. आज रात्री हसण्यावाचून त्यांना गत्यंतर नाही.

या दंडारीतूनच पुढे झाडीपट्टीची नाटकं वाढली. दिवाळी ते होळी वडशाच्या नाटक मंडळ्यांना उसंत नसते. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पण ते पुढचं. तुम्ही अजून तणशीवर आहात, पाय बधिर झालेत आणि पूर्व उजळतेय.

उठा, बांधीवर चला. गडी आधीच पोचलाय, कानामागे लेप तसाच. कापणीच्या बाया ओरडतात, “रानीसायेब, पात धरा!” तो दुपट्ट्याचा पदर घेतो, मुरका मारतो आणि विळा चालवायला लागतो. तुम्हीही वाका आता. खेळ फुकट पाहिलात.