२३ डिसेंबर १९८२ : चेलोवादक हान-ना चांग यांचा जन्म

दक्षिण कोरियातील सुवॉन शहरात जन्मलेल्या हान-ना चांग यांनी सहाव्या वर्षी चेलो हाती घेतला. गुडघ्यांमध्ये धरून गजाने वाजवायचे हे भारदस्त वाद्य. १९९४ मध्ये पॅरिसच्या रोस्त्रोपोविच आंतरराष्ट्रीय चेलो स्पर्धेत त्यांनी सर्वोच्च पारितोषिक पटकावले, तेव्हा त्या अवघ्या ११ वर्षांच्या होत्या!

ज्यांच्या नावाची ही स्पर्धा, ते चेलोवादक आणि संचालक मस्तिस्लाव रोस्त्रोपोविच चांग यांचे गुरू झाले. एवढेच नव्हे, तर शिष्येच्या पहिल्या ध्वनिमुद्रणात लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालन करायला तेच उभे राहिले.

पुढे हार्वर्डमध्ये तत्त्वज्ञानाचा अभ्यास. मग गजाऐवजी हाती आली संचालकाची छडी. २०१७ मध्ये नॉर्वेतील त्रॉनहाइम सिंफनी ऑर्केस्ट्राचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. संगीतकार प्रोकोफिएव्ह यांच्या ‘सिंफनी-कंचर्तान्ते’ या रचनेतील चांग यांचे चेलोवादन मात्र आवर्जून ऐकावे असे आहे.